कायद्याच्या इंग्रजीतील फ्रेंच आणि लॅटिन शब्द : पाठ करावेत की ओळखावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही भंडारा जिल्ह्यातील मराठी शाळेत शिकलात, आता नागपुरात विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि पुस्तकातील निम्मे शब्द तुम्हाला इंग्रजी वाटतच नाहीत. ते पाठ करण्यावाचून काही उपाय आहे का, आणि त्यांचे फ्रेंच किंवा लॅटिन मूळ समजून घेतल्याने खरोखर उपयोग होतो का, असे तुम्ही विचारले आहे. उदाहरण म्हणून 'एस्टॉपेल' हा शब्द तुम्ही दिला आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देईन, कारण आधीचे काही समजले की तो आपोआप उलगडेल.

गेली अठ्ठावीस वर्षे मी नागपुरात गहाणखते, मृत्युपत्रे, शपथपत्रे आणि निकालपत्रे यांचा इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत अनुवाद करते आहे. त्या अनुभवावरून सांगते की मूळ समजून घेण्याचा उपयोग होतो, मोठा होतो. मात्र त्याला एक मर्यादा आहे आणि ती न पाळल्यास नुकसानही होते.

हे शब्द इंग्रजी वाटत नाहीत, ही तुमची जाणीव अगदी बरोबर आहे. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले आणि राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली. शेतकरी इंग्रजी बोलत होता, वकील फ्रेंचमध्ये युक्तिवाद करीत होता आणि कारकून लॅटिनमध्ये नोंद ठेवीत होता. न्यायालयातील बोलणे इंग्रजीत व्हावे असा कायदा १३६२ साली झाला खरा, पण त्या कायद्याची संहिता फ्रेंचमध्येच लिहिलेली होती आणि नोंदी लॅटिनमध्येच ठेवाव्यात असे त्यात म्हटले होते. पुढेही वकील मंडळी आपली टिपणे एका वेगळ्याच, मोडक्या होत गेलेल्या फ्रेंचमध्ये लिहीत राहिली. इंग्लंडच्या न्यायालयांचे कामकाज पूर्णपणे इंग्रजीतून व्हावे, हे प्रत्यक्षात १७३३ पासून अमलात आले. म्हणजे जवळजवळ साडेसहाशे वर्षे सामान्य इंग्रज माणूस आपल्याच देशाच्या न्यायालयात परक्या भाषेसमोर उभा होता.

आपल्याला याचे नवल वाटू नये. सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या आवारात एक तास उभे राहून कानावर पडणारे शब्द मोजा : वकील, दावा, फिर्याद, जामीन, मुखत्यार, दरखास्त, हुकूम, तारीख, नक्कल, कैद. यांतला एकही शब्द मुळात मराठी नाही. ते सारे अरबी-फारसीतून आलेले आहेत. फारसी कधी ऐकलेलीही नसलेली आजी 'पोरगा तारखेवर गेला आहे' असे सहज म्हणते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून या शब्दांना संस्कृत पर्याय दिले आणि तो प्रयत्न फार मोलाचा होता. तरीही कोर्टाच्या पायरीवरची बोली पुष्कळशी फारसीच राहिली. इंग्रजीत फ्रेंचचे जे झाले तेच आपल्याकडे फारसीचे झाले, हे एकदा मनात ठसले की पुढची वाट सोपी होते, कारण तेव्हा तुम्ही परक्या भाषेची नव्हे, तर ओळखीच्या गोष्टीची दुसरी आवृत्ती वाचत असता.

दुसरी किल्ली तुमच्या शालेय व्याकरणातच आहे : तत्सम आणि तद्भव. संस्कृत 'क्षेत्र' झिजून 'शेत' झाले, आणि नंतर 'क्षेत्र' हा शब्द पुन्हा जसाच्या तसा उचलला गेला. आज दोन्ही शब्द नांदतात, पण वेगळ्या अर्थांनी. सातबाऱ्यावर 'शेताचे क्षेत्र' असे आपण म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा उच्चारत असतो. लॅटिन आणि फ्रेंच यांचे नाते पुष्कळ अंशी असेच आहे. लॅटिन शब्द लोकांच्या तोंडी शतकानुशतके झिजून फ्रेंच झाला आणि त्या झिजलेल्या रूपात इंग्रजीत आला. पुढे विद्वानांनी तोच शब्द लॅटिनच्या मूळ वळणाने पुन्हा घेतला. 'लॉयल' आणि 'लीगल' ही एकाच लॅटिन शब्दाची अशी दोन रूपे आहेत, कायद्याला धरून असणे हा दोहोंचा पाया. 'रॉयल' आणि 'रीगल', 'फ्रेल' आणि 'फ्रॅजाइल', 'शुअर' आणि 'सिक्युअर' या जोड्याही तशाच. झिजलेले रूप बहुधा घरगुती आणि उबदार वाटते, तर अखंड रूप औपचारिक वाटते. सगळेच शब्द या साच्यात बसत नाहीत, कारण फ्रेंचनेही स्वतः लॅटिनमधून नंतर पुष्कळ तत्सम शब्द घेतले. पण ओळख पटवायला एवढे पुरते.

एक कुळ घेऊन पाहा. लॅटिनमध्ये 'सेक्वी' म्हणजे मागे जाणे, पाठलाग करणे. फ्रेंचमधून झिजून आलेली त्याची रूपे म्हणजे 'स्यू' आणि 'सूट' : दावा लावणे म्हणजे एखाद्याच्या पाठीस लागणे. लॅटिनच्या वळणाने आलेली रूपे म्हणजे 'प्रॉसिक्यूट', पुढे नेत पाठलाग करणे, आणि 'एक्झिक्यूट', शेवटपर्यंत पाठपुरावा करून पार पाडणे. म्हणूनच इंग्रजीत मृत्युपत्र 'एक्झिक्यूट' होते, हुकूमनामा 'एक्झिक्यूट' होतो आणि फाशीलाही 'एक्झिक्यूशन' म्हणतात. मराठीत या तिन्हींसाठी तीन वेगळे शब्द लागतात : दस्त करून देणे, हुकूमनाम्याची अंमलबजावणी म्हणजे दरखास्त, आणि देहदंड. मुळाचा धागा हाती नसेल तर तीन अर्थ पाठ करावे लागतात. असेल तर एकच कल्पना लक्षात ठेवावी लागते.

आता आपल्या फारसी शब्दांशी पडताळून पाहण्याची पद्धत सांगते. मला स्वतःला याच पद्धतीचा सर्वांत अधिक उपयोग झाला. 'अटर्नी' हा जुन्या फ्रेंचमधील 'नेमलेला' या अर्थाचा शब्द आहे, आणि 'मुखत्यार' याचा अरबी अर्थ 'निवडलेला' असा आहे. 'प्लेन्टिफ'च्या मुळाशी छाती पिटून केलेला विलाप आहे. शोकाकुल स्वराला इंग्रजीत 'प्लेन्टिव्ह' म्हणतात तो हाच शब्द. आपली 'फिर्याद' म्हणजेही फारसीत मदतीसाठी फोडलेला टाहो. आज दिवाणी कामात आपण 'वादी' म्हणतो आणि 'फिर्यादी' फौजदारीपुरता राखतो, पण न्याय मागणे म्हणजे मुळात आक्रोश करणे, हे दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता नोंदवून ठेवले आहे. 'बेल' ज्या फ्रेंच धातूपासून आला त्याचा अर्थ 'हाती सोपवणे', आणि त्याच्याही मागे लॅटिनमधील 'ओझे वाहणारा' हा शब्द आहे. आरोपी सुटतो म्हणजे मोकळा होत नाही. तो हमी घेणाऱ्याच्या हाती सोपवला जातो आणि ते ओझे त्या माणसाने वाहायचे असते. अरबीत 'जामीन' म्हणजेही हमी घेणारा माणूसच. मराठीत आपण 'जामीन मिळाला' असे म्हणतो तेव्हा तो माणूस मागे पडून सवलत पुढे येते, पण 'जामीनदार' शब्दात तो अजून दिसतो.

'पॅरोल' तर मराठीने फारच सुंदर पकडला आहे. फ्रेंचमध्ये 'पारोल' म्हणजे शब्द, बोल. पूर्वी युद्धकैदी परत येण्याचा किंवा पुन्हा शस्त्र न उचलण्याचा शब्द देऊन सुटत असे. आपल्या कारागृह विभागाच्या कागदांत पॅरोलला 'अभिवचन रजा' आणि फर्लोला 'संचित रजा' म्हणतात. 'अभिवचन' हा शब्द ज्याने योजला त्याने मूळ जाणून योजला असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे. 'पार्लमेंट'ही याच कुळातले. तिथे बोलणे हेच काम असते.

'टॉर्ट' शिकताना विद्यार्थी 'अपकृत्य' हा प्रतिशब्द पाठ करतात, आणि तो योग्यच आहे. पण फ्रेंचमध्ये 'टॉर'चा अर्थ अन्याय असा आहे आणि लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी 'पिळलेले, वाकडे' ही कल्पना आहे. आपण 'त्याने माझे काही वाकडे केले नाही' असे म्हणतो. आता हा शब्द तुम्हाला पाठ करावा लागेल का?

'मॉर्गेज'वर थोडे थांबते, कारण विदर्भात या शब्दाने घरेच्या घरे हलवली आहेत. लिहिताना त्यात 'ट' असतो, उच्चारात नसतो. फ्रेंचमध्ये 'मॉर' म्हणजे मृत आणि 'गाज' म्हणजे तारण; मृत तारण. मृत का, याची दोन स्पष्टीकरणे आहेत आणि दोन्ही जाणून घेण्यासारखी आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस तारणाचे दोन प्रकार मानीत. सावकाराच्या ताब्यात गेलेल्या जमिनीचे उत्पन्न कर्जात वळते होत असेल तर ते जिवंत तारण, कारण जमीन स्वतःच स्वतःला सोडवत असते. उत्पन्न सावकार खातो आणि कर्ज जसेच्या तसे उभे राहते, तेव्हा ते मृत तारण. पुढे पंधराव्या शतकात न्यायाधीश टॉमस लिटलटन यांनी दुसरे कारण दिले : ऋणकोने मुदतीत पैसे दिले नाहीत तर जमीन त्याला कायमची मेली, आणि दिले तर तारण धनकोला मेले. पहिल्या स्पष्टीकरणात आपल्या ताबेगहाणाची सारी वेदना आहे. काटोलच्या बाजूची संत्र्याची बाग सावकाराच्या ताब्यात असावी, दर वर्षी बहर त्याने उतरवावा आणि मुद्दल जागचे हलू नये, ही गोष्ट ज्याच्या घरात घडली आहे त्याला मृत तारण म्हणजे काय हे कोशात पाहावे लागत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये या प्रकाराला 'युसुफ्रक्चुअरी मॉर्गेज' म्हटले आहे. लॅटिनमध्ये 'ऊसुस' म्हणजे वापर आणि 'फ्रुक्टुस' म्हणजे फळ. मराठीत त्याला फलोपभोग गहाण म्हणतात. इतका अचूक शब्द मराठीत असताना विद्यार्थी त्या इंग्रजी शब्दाला घाबरतात, याचे मला वाईट वाटते.

काही जोड्या फ्रेंचच्या दोन बोलींमुळे तयार झाल्या आहेत. नॉर्मंडीच्या बोलीत जिथे 'व' होता तिथे पॅरिसच्या बाजूच्या फ्रेंचमध्ये 'ग' होता, आणि इंग्रजीने दोन्ही घेतले : 'वॉरंट' आणि 'गॅरंटी', 'वॉर्डन' आणि 'गार्डियन'. हे शब्द मुळात लॅटिनही नाहीत. ते जर्मनिक आहेत आणि फ्रेंचमध्ये जाऊन इंग्रजीत परतले आहेत. त्याचप्रमाणे लॅटिनमधील 'डोके' या अर्थाच्या 'कापुट'पासून 'कॅपिटल', 'चॅटल' आणि 'कॅटल' असे तीन शब्द आले : भांडवल, जंगम चीजवस्तू आणि गुरे. आपल्या खेड्यांत गोधन हीच दौलत होती, तेव्हा हा संबंध तुम्हाला परका वाटू नये.

तुमच्या पुस्तकात 'विल अँड टेस्टामेंट', 'गुड्स अँड चॅटल्स', 'ब्रेकिंग अँड एंटरिंग' असे जोडशब्द वारंवार येतात. त्यांत एक शब्द अस्सल इंग्रजी आणि दुसरा फ्रेंच-लॅटिन आहे. पुढे ही लिहिण्याची सवयच झाली, म्हणून 'नल अँड व्हॉइड' यात दोन्ही शब्द फ्रेंच आहेत. मराठीत 'कागदपत्र', 'धनदौलत', 'बळजबरी', 'रीतरिवाज' हे शब्द पाहा. प्रत्येकात एक बाजू आपली आणि दुसरी अरबी-फारसी. अनुवाद करताना अशा जोडीसाठी दोन वेगळे मराठी शब्द शोधण्याचा अट्टहास करू नये. 'विल अँड टेस्टामेंट' म्हणजे मृत्युपत्र, एवढेच.

नागपूरच्या विद्यार्थ्याने दोन शब्द तरी मुळासकट जाणावेत. पहिला 'लॅप्स'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घसरणे, निसटणे. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये पुत्राविना वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य याच शब्दाच्या आधारे कंपनीच्या मुलखाला जोडले. राज्य कोणी हिसकावले नाही, ते आपोआप निसटून वरिष्ठ सत्तेकडे आले, असा त्या शब्दाचा दावा होता. शब्द किती मोठे अन्याय झाकू शकतो, याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. आज विम्याचा हप्ता चुकला की 'पॉलिसी लॅप्स झाली' असे आपण म्हणतो, तोच हा शब्द. त्याच्याच जवळचा 'एस्चीट', म्हणजे वारस नसलेली मालमत्ता सरकारजमा होणे. त्याच्या मुळाशीही 'पडणे' आहे. ती मालमत्ता गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांची कीर्ती अशी झाली की फसवणुकीसाठीचा 'चीट' हा शब्द याच शब्दातून निघाला.

दुसरा शब्द 'लेटर्स पेटंट'. १९३६ साली नागपूर उच्च न्यायालय राजाने दिलेल्या अशाच अधिकारपत्राने स्थापन झाले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि त्यानंतर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. 'पेटंट' म्हणजे लॅटिनमध्ये उघडे असलेले. पत्र लाखेने बंद न करता, मोहोर खाली लटकती ठेवून, सर्वांनी वाचावे म्हणून उघडे दिले जाई. शोधकाला मिळणारे पेटंटही असेच उघड्या पत्राने मिळे, म्हणून त्याचे ते नाव. इथे विशेषण नामाच्या मागे आले आहे ते फ्रेंचच्या पद्धतीने. 'अटर्नी जनरल', 'नोटरी पब्लिक', 'कोर्ट मार्शल' ही तशीच. म्हणून यांचे अनेकवचन करताना बदल पहिल्या शब्दात होतो.

वर्णलेखनाबद्दल थोडक्यात : कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला 'ब' आणि पावती या अर्थाच्या 'रिसीट'मधला 'प' उच्चारात नाहीत, कारण शब्द फ्रेंचमधून त्या अक्षरांवाचून आले आणि नंतर विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावे म्हणून ती अक्षरे घुसवली. 'इन्डाइट', म्हणजे गुन्ह्याचा आरोप ठेवणे, यातला 'क'ही तसाच.

शुद्ध लॅटिन शब्दांपैकी काही शब्द मुळात क्रियापदे आहेत, हे ध्यानात घेतले की ते सोपे होतात. 'अॅफिडेव्हिट' म्हणजे 'त्याने शपथेवर सांगितले आहे'. 'कॅव्हिएट' म्हणजे 'त्याने सावध असावे'. 'मँडॅमस' म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो'. संविधानाच्या मराठी प्रतीत त्याला 'महादेश' म्हटले आहे. 'हेबिअस कॉर्पस' हे कैदेत ठेवणाऱ्याला उद्देशून आहे : देह हजर कर. मराठी प्रतीतला 'देहोपस्थिती' त्याच्याशी तंतोतंत जुळतो. 'को वॉरंटो' म्हणजे 'कोणत्या अधिकाराने', आणि त्यासाठीचा 'क्वाधिकार' मला विशेष आवडतो, कारण संस्कृत 'क्व' म्हणजे 'कोठे', आणि ध्वनीही लॅटिनच्या जवळचा साधला आहे. 'अॅलिबाय' हे मात्र क्रियापद नव्हे. त्याचा अर्थ नुसता 'दुसरीकडे'.

आता मर्यादा. मूळ हे आठवणीसाठी आहे, अर्थ ठरवण्यासाठी नाही. माझ्या कामाच्या दुसऱ्या वर्षी एका नोटिशीतील 'विदाउट प्रेज्युडिस' या शब्दांचा अनुवाद मी 'पूर्वग्रह न ठेवता' असा केला होता. मुळाच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता, कारण लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'आधीच केलेला निवाडा' असाच आहे. पण कायद्यात त्याला हक्काची हानी हा अर्थ आला आहे आणि त्याचे मराठी 'हक्कास बाध न येता' असे होते. ज्या वकिलांसाठी ते काम होते त्यांनी तो कागद पाठवण्याआधी वाचला म्हणून पक्षकाराचे नुकसान टळले. तेव्हापासून मी प्रत्येक शब्द आधी व्याख्येच्या कलमात, मग भाषा संचालनालयाच्या न्यायव्यवहार कोशात आणि सर्वांत शेवटी व्युत्पत्तीच्या कोशात पाहते. हा क्रम तुम्हीही उलटा करू नका. 'डिमांड' फ्रेंचमध्ये नुसते विचारणे आहे, इंग्रजीत ती ठाम मागणी आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना 'प्युनी जज' म्हणतात त्यातील 'प्युनी' फ्रेंचमधील 'नंतर जन्मलेला' यावरून आला, म्हणजे मुख्य न्यायमूर्तींहून कनिष्ठ. उच्चाराने तोच असलेला, पण वेगळ्या अक्षरांनी लिहिलेला सामान्य इंग्रजीतील शब्द 'क्षुल्लक, दुबळा' असा झाला आहे. मूळ एक, वाटा वेगळ्या.

चुकीतूनही शब्द जन्मतो, हे 'कल्प्रिट'वरून दिसते. आरोपीने गुन्हा नाकारला की सरकारी कारकून फ्रेंचमध्ये 'दोषी आहे, सिद्ध करण्यास तयार आहोत' असे म्हणे. नोंदीत त्याची दोन आखूड रूपे शेजारी शेजारी लिहीत. पुढच्या कोणीतरी ती जोडून, आरोपीला मारलेली हाक समजून वाचली, असे कोशकार सांगतात. १६७८ च्या एका खटल्यात हा शब्द तसा आढळतो. म्हणजे त्या शब्दात आरोपी दोषी ठरलेला नसतो, फक्त त्याच्यावर आरोप असतो. आज मात्र त्याचा अर्थ गुन्हेगार असा झाला आहे, तेव्हा अनुवादात 'आरोपी' आणि 'कल्प्रिट' यांची अदलाबदल कधीही करू नये.

वहीत प्रत्येक शब्दासाठी तीन रकाने आखा : कायद्यातील व्याख्या, कोशातील मराठी प्रतिशब्द, आणि मूळ अर्थाशी जुळणारा तुमच्या घरच्या बोलीतला शब्द. तिसरा रकाना तुमचा स्वतःचा असू द्या. तो माझ्याकडून किंवा कोणाकडूनही उतरवून घेऊ नका.

आता 'एस्टॉपेल'. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११५ मध्ये ते तत्त्व होते आणि आता ते भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये आले आहे. तुम्ही आपल्या बोलण्याने किंवा वागण्याने एखाद्याला एक गोष्ट खरी मानायला लावली आणि त्या भरवशावर तो वागला, तर पुढे त्याच्याविरुद्ध तुम्हाला ती गोष्ट नाकारता येत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ बूच असा होता, आणि लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी आहे भोक बुजवायला वापरायचा ताग. सतराव्या शतकात इंग्लंडचे न्यायाधीश एडवर्ड कोक यांनीही त्याचा अर्थ असाच सांगितला आहे : माणसाची स्वतःची कृती त्याचे तोंड बंद करते. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे ते तुम्ही ठरवा. माझ्या वहीत तिथे 'तोंडाला बूच' असे लिहिलेले आहे.